आधी फिल्टर उघडा, मग इंजेक्टरचं बघू
तुमची २०१९ ची रॅम डिझेल पिकअप चढावर दम तोडते आणि गॅरेजवाला थेट इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदला म्हणतो? थांबा. आधी डिझेलचा फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता. चमचमणारी धातूची भुकटी दिसली, तर सीपी४, म्हणजे डिझेलला जास्त दाब देणारा पंप, आतून घासलाय. मग नुसत्या पंपावर भागत नाही. तो कचरा रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी दाबाची नळी) आणि इंजेक्टरपर्यंत गेलेला असू शकतो.

६.७ लिटर कमिन्स डिझेल इंजिनाच्या २०१९-२० च्या रॅम गाड्यांसाठी २०२१ मध्ये याच पंपाचा रिकॉल निघालाय, म्हणजे कंपनीनेच गाड्या दुरुस्तीला बोलावल्यात, काम फुकट. एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघा. रिकॉलआधी पदरचे पैसे घातले असतील तर परतफेडही मागता येते, पण मूळ पावती किंवा पैसे भरल्याचा पुरावा लागतो. (जुन्या गाडीच्या वेळी माझी पावती हरवली होती, महिनाभर फेऱ्या मारल्या!)