मदत हवी आहे: सिगारेट सोडायला कानात सुया, संमोहन... कुणाला खरंच गुण आला का?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. माझा थोरला भाऊ सिगारेट सोडायची म्हणतोय, आणि या वेळी मनापासून म्हणतोय असं वाटतं. शर्टाच्या खिशात हल्ली पाकिटाऐवजी बडीशेपेची पुडी असते. पण चहाचा शेवटचा घोट झाला की हात आपसूक तिकडे जातो आणि मग चिडचिड सुरू.

कुणीतरी त्याला म्हापशात कानात सुया टोचून घ्यायला सुचवलंय. वहिनी संमोहनावर अडून बसलीय, 'एका बैठकीत सुटते' म्हणे. पैसे मात्र दोन्हीकडे आगाऊ! मी थोडं वाचलं. अ‍ॅक्युपंक्चर आणि संमोहन या दोन्हींनी सिगारेट कायमची सुटते असा ठोस पुरावा अभ्यासांतून मिळालेला नाही. निकोटिनच्या च्युइंगम आणि पॅचबद्दल तो आहे, सोबत समुपदेशन असेल तर आणखी चांगलं. २ मिलिग्रॅमची गम फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते. पण दादाला 'औषध' नकोच. १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही फोन करायला लाजतो. (ई-सिगारेट सुचवू नका, २०१९ पासून आपल्याकडे बंदी आहे.)

सुया किंवा संमोहन करून सहा महिन्यांहून जास्त काळ सिगारेटपासून लांब राहिलेलं कुणी आहे का? सोबत गम चालू होती का? आणि फोंडा-पणजी पट्ट्यात, उपदेशाचे डोस न पाजता नीट बोलणारा समुपदेशक माहीत असेल तर कृपया कळवा.