मदत हवी आहे: कूपर चाचणीत अंतर वाढायच्या ऐवजी घटलं (तातडीचं)

मैदानवेडी
एम.पी.एड.चा (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीचा) लघुप्रबंध पुढच्या शुक्रवारी जमा करायचाय आणि निकाल उलटा आलाय. खो-खोच्या मुलींना ८ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस इंटरव्हल ट्रेनिंग (जोरात पळायचं, मध्ये विश्रांती, पुन्हा पळायचं) दिलं. कूपर चाचणीत १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर पळायचं असतं; पूर्वचाचणीला सरासरी २१४० मीटर, उत्तरचाचणीला २०८०. सूत्रात घातलं तर व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) ३६.६ वरून ३५.२. गाईड म्हणतात, फार मागे पडलेल्या ५ मुली काढून टाक. कुठली टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची) लावली म्हणजे जमेल? लवकर सांगा.

आकडेमोड
टी-टेस्टचं नंतर बघू. मुली किती, वय काय? नियंत्रित गट (ट्रेनिंग न दिलेला) होता का? दोन्ही चाचण्या कुठं, किती वाजता घेतल्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

गूळशेंगदाणे
आधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कितीही पळवा, रक्त ऑक्सिजन नेणार कशात? माझ्या मुलीचं ९ होतं, सहा महिने कळलंच नाही, आम्ही तिलाच आळशी म्हणत होतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि जेवणावर लगेच चहा बंद.

मैदानवेडी
काका, शुक्रवारी जमा करायचंय, आता रक्त कुठून तपासू?
नियंत्रित गट आहेच, त्याशिवाय सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर होतो का? १५-१५ मुली, वय १३ ते १५. नियंत्रित गट २१२० वरून १९६० वर आला. पूर्वचाचणी जानेवारीत सकाळी ७ ला, उत्तरचाचणी मार्चअखेर दुपारी ४ ला. सकाळी परीक्षेमुळे मैदान मिळत नव्हतं.

आकडेमोड
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं! तुमच्या मुली ६० मीटरनी घसरल्या, ट्रेनिंग न घेतलेल्या १६० नी. मार्चच्या दुपारी थंडाव्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामानं पाणी जातं, हृदयाच्या दर ठोक्याला कमी रक्त पुढं जातं. तोच वेग ठेवायला नाडी वाढते आणि शेवटी वेग पडतो. दोन्ही गटांना ऊन सारखंच होतं, म्हणून घट दोघांत आली. बघायचा तो दोन गटांतला फरक. पूर्वचाचणीचे आकडे सहचल धरून अँकोव्हा लावा, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशेबात धरून दोन गटांची तुलना होईल.

भरती_पक्की
दादा, माझं १६०० मीटर ५:४० ला अडकलंय. पोलीस भरतीत २० पैकी २० गुणांना ५:१० लागतात. इंटरव्हल कसे मारू?

लालमाती
मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. दोन्ही वेळी मैदान एकच होतं का? ट्रॅक किती मीटरचा? फक्की कोणी मारली? आणि एका वेळी किती मुली सोडल्या? माझा पहिला संशय तिथंच.

मैदानवेडी
मैदान तेच सर, २०० मीटरचा ट्रॅक. जानेवारीत १०-१० च्या तुकड्या केल्या होत्या. मार्चमध्ये वेळ नव्हता म्हणून तिसेच्या तीस एकदम सोडल्या. फक्की मीच मारली होती, पण पाचव्या मिनिटाला वळणावरची रेघ पायांनी पुसली गेली.

लालमाती
मग मुली वळणावर बाहेरून गेल्या असणार. पूर्ण फेरी रेघेपासून एक मीटर बाहेरून मारली की सव्वासहा मीटर जास्त पळावं लागतं. दहा फेऱ्यांत ६० मीटरच्या वर. तुमच्या कागदावर मात्र २००-च-२०० लागले. पळालेलं अंतर कुठंच आलं नाही बाळ.

पल्स_१८०
मुळात कूपरनं १९६८ साली सूत्र काढलं ते अमेरिकी हवाई दलातल्या पुरुषांवर. १४ वर्षांच्या मुलींना ते लावून व्हीओटू मॅक्स काढूच नये. इंटरव्हलला नाडी किती ठेवली होती? कमाल नाडी २२० वजा वय धरली असेल तर तेही चूक, २००१ पासून २०८ वजा वयाच्या ०.७ पट आहे.

आकडेमोड
तेसुद्धा प्रौढांवरचंच आहे. एक सूत्र परकं म्हणून दुसरं परकं कशाला गळ्यात बांधताय? सरळ मीटरमध्ये निकाल द्या.

पल्स_१८०
मीटरचं पटलं. नाडी मोजायलाच हवी, त्यावर मी ठाम आहे. आणि अँकोव्हा लावण्याआधी विचारा की गट चिठ्ठ्या टाकून पाडले का.

मैदानवेडी
चिठ्ठ्या नाही. वसतिगृहातल्या मुली प्रायोगिक गटात घेतल्या, सकाळी ६ ला त्याच मिळतात.

पल्स_१८०
मग त्यांचं जेवण, झोप, सगळंच वेगळं. फरक ट्रेनिंगमुळेच आला असं छातीठोक लिहू नका. मर्यादांमध्ये गट कसे पाडले, वेळ, ऊन, तुकड्या सगळं लिहा. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) विचारण्याआधी तुम्हीच सांगा.

योगमार्गी
रोज १२ सूर्यनमस्कार घाला, दम आपोआप वाढेल.

लालमाती
सूर्यनमस्कार मीही घालतो, पण पोरीला प्रबंध द्यायचाय. भरतीवाल्या मुला, आठवड्यातून एकदा ४०० चे ४ मार, प्रत्येक ७८-८० सेकंदांत, मध्ये ३ मिनिटं चालत. बाकीचे दिवस सावकाश पळ. रोज घड्याळ लावून पळशील तर नडगी धरेल.

भरती_पक्की
धन्यवाद सर. नडगी आधीच दुखतेय.

गूळशेंगदाणे
एक्स-रे काढून घ्या.

मैदानवेडी
पुन्हा एकदा सकाळी ७ ला चाचणी घेतली तर चालेल का? ट्रेनिंग थांबून १९ दिवस झालेत.

आकडेमोड
नको. आता दम उतरायला लागला असेल, ऊनही वाढलंय. तिसरा आकडा आणून गोंधळ वाढेल. आणि त्या ५ मुली काढू नका. निकाल बघून माणसं वगळायची नसतात.

मैदानवेडी
काढणार नाही. आत्ता फेऱ्यांचे कागद काढून बसलेय. त्या पाचांतली एक पूर्वचाचणीत तीनदा चालली होती, तिच्या नावापुढं मीच पेन्सिलनं "चा" लिहिलंय. मार्चच्या कागदावर तिच्यापुढं एकही "चा" नाही. अंतर ४० मीटरनी कमी, पण १२ मिनिटं सलग पळालीय. दोन्ही कागद परिशिष्टात जोडते आणि सोमवारी गाईडपुढं ठेवते. सर, चालण्याच्या या खुणा निकालात वेगळ्या मांडता येतील का, की नुसत्या परिशिष्टातच ठेवू?

लालमाती
खुणा तिसांच्याही केल्या असतील तरच निकालात मांड. नाहीतर परिशिष्टात.

मैदानवेडी
तिसांच्या आहेत. मोजायला बसते.