भूल, बधिरीकरण की गुंगी?

मागच्या महिन्यात धंतोलीत आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दारावरची पाटी 'बधिरीकरणतज्ज्ञ'. आत डॉक्टर म्हणाले, "काकू, आता भूल देऊ. कपाळावर ही पट्टी लावतो, भूल किती खोल गेली ते मेंदूच्या लहरींवरून कळतं." बाहेर मावशी फोनवर, "गुंगीचं इंजेक्शन देऊन राहिले." या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच का?

— एकच नाही. मी भूल देण्याच्याच कामात आहे. बधिर होतो तो शरीराचा भाग: दात काढताना हिरडी, सिझेरियनला कमरेखालचं अंग. माणूस जागाच असतो. गुंगीतला माणूस हाक मारली की 'हं' म्हणतो. संपूर्ण भुलीत कितीही हलवा, तो जागा होत नाही. म्हणून 'झोपवलं' हाही शब्द मला चालत नाही.

आता पट्टीबद्दल. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की रुग्णाला बोटही हलवता येत नाही. तो आतून जागा असला तर सांगणार कसा? नाडी आणि रक्तदाबावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मेंदूकडेच पाहायचं. यंत्र लहरींवरून 0 ते 100 मधला आकडा काढतं. जागा माणूस शंभरच्या जवळपास, ऑपरेशनला साधारण 40 ते 60. फार खाली गेलं की लहरी मधूनमधून सपाट होतात. वयस्कर रुग्णांत कमी औषधानेही असं होतं. केटामाइन हे भुलीचं औषध दिलं तर मात्र भूल असूनही आकडा वर राहतो. तेव्हा लहरीच वाचाव्या लागतात. प्रोपोफॉल या दुसऱ्या औषधाच्या भुलीत मोठ्या संथ लहरी दिसतात आणि त्यांच्यावर सेकंदाला 8 ते 12 वेळा हेलकावणाऱ्या अल्फा लहरी.

— मला 'खोल' खटकतं. मराठीत भूल चढते आणि उतरते, विंचवाच्या विषासारखी. इथे भूल चढली की आकडा उतरतो, त्यात ती खोलही जाते! झोपेला आपण 'गाढ' आणि 'सावध' म्हणतो. 'गाढ भूल', 'हलकी भूल' म्हणा नं, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय 'भूल' म्हणजे नुसती चूक नव्हे. रानभूल पडलेल्याला पायाखालची ओळखीची वाटही ओळखू येत नाही. भान हरपणं त्या शब्दात आधीपासून आहे, 'बधिर'मध्ये ते नाही.

— 'गाढ' पटलं, उद्यापासून रुग्णांशी तेच बोलते. आणखी एक: संमतीपत्रावर 'सामान्य भूल' लिहू नका. 'जनरल अ‍ॅनेस्थेशिया'चं ते शब्दशः भाषांतर वाचून लोकांना वाटतं, साधीच असेल. 'संपूर्ण भूल' लिहा.