घाट उतरल्यापासून ब्रेकचा आवाज, गॅरेजवाला म्हणतो सगळंच बदला (ठाणे)

माजिवडा_नाका:
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, ४६ हजार किमी झालेत. गेल्या आठवड्यात पुण्याहून परत येताना एक्स्प्रेसवेचा घाट मेहुण्याने उतरवला. गाडीत आम्ही चौघं, वर सामान. ट्रकच्या बुडापर्यंत जाऊन ब्रेक दाबायचा, फट दिसली की पुन्हा पळवायची, असं खालपर्यंत चाललं होतं. पायथ्याशी जळका वास सुरू झाला आणि खालापूर टोलला भलीमोठी रांग.

तेव्हापासून तीन तक्रारी आहेत. सिग्नलला हलका ब्रेक लावला की चिर्रर्र. डाव्या पुढच्या चाकातून हळू वेगात बारीक खर्रखर्र. आणि ऐंशीवरून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. जवळच्या गॅरेजने चाक न उघडताच चाकाबरोबर फिरणारी डिस्क, तिला घासून थांबवणारे पॅड आणि ते पॅड दाबणारा कॅलिपर मिळून अठरा हजारांचा अंदाज हातात दिला. एवढं खरंच लागेल का? जाणकारांनी सांगावं. ठाण्यात किंवा खाडीपलीकडे कोणी भरवशाचा मेकॅनिक असल्यास तेही.

खारेगाव_बायपास:
पॅड बदला, विषय संपला. घाटात गेले असतील.

चौथा_गिअर:
थांबा, इतक्यात काही बदलू नका. आवाज कसा आहे त्यापेक्षा तो कधी येतो हे जास्त कामाचं. माजिवडा, एवढं बघून सांगा:
खर्रखर्र ब्रेकला पाय नसतानाही येते का? रिव्हर्स घेताना फरक पडतो का? सरळ रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवी झुलवली की आवाज कमी-जास्त होतो का? होत असेल तर ब्रेक सोडा, व्हील बेअरिंगकडे बघा. पाचदहा किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही रिम्सजवळ हात न्या. हात लावायचा नाही, नुसती धग बघायची. एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

आता तुमच्या मेहुण्याचा हिशेब. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार अंदाजे पाचशे मीटर. तेवढ्या उंचीची ऊर्जा म्हणजे शंभरच्या वेगातली गाडी बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. गाडीचं वजन कितीही असो, हे प्रमाण तेच राहतं. त्यातली काही हवा खाते, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये असाल तर बरीचशी इंजिन खातं. उरलेली सगळी पॅड आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन बसते. मध्ये मध्ये पळवून पुन्हा दाबलं की त्यात भरच. पॅडमधलं रेझिन प्रमाणाबाहेर तापलं की वरचा थर काचेसारखा गुळगुळीत आणि कडक होतो. चिर्रर्र बहुधा त्याचीच आहे.

थरथरीचं कारण मला टोलच्या रांगेत दिसतंय. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरला की पॅडचं मटेरियल तिथे छाप्यासारखं चिकटतं. मग दर फेऱ्याला तो भाग आला की पकड बदलते आणि स्टिअरिंगला कळते. लोक याला सरसकट 'डिस्क वाकली' म्हणतात. दर वेळी ती वाकलेली नसते.

सीवूड्स_सकाळ:
खर्रखर्रीबद्दल माझा अनुभव. उरण रोडला डंपरमागे गाडी होती, दुसऱ्या दिवसापासून पत्रा घासल्याचा असा आवाज की शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं. ब्रेक दाबा नाहीतर सोडा, आवाज चालूच. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं, त्यात हरभऱ्याएवढी खडी अडकली होती. टायरवाल्याने चाक काढून स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा जरासा ढकलला, खडी टपकन खाली. कधी कधी नुसतं रिव्हर्स घेतलं तरी पडते म्हणे.

फक्त_रविवार:
गंजावर मारायचा स्प्रे मिळतो ना, तो चाकाच्या जाळीतून डिस्कवर मारा. चिर्रर्र जागच्या जागी बंद.

चौथा_गिअर:
@फक्त_रविवार, आवाजाबरोबर ब्रेकही बंद होईल! तो स्प्रे तेलकट असतो. पॅडने तेल प्यायलं की पॅड फेकून द्यावे लागतात. कृपया कोणीही करू नका. डिस्क पुसायला ब्रेक क्लीनर वेगळा मिळतो.

माजिवडा_नाका:
बघितलं. खर्रखर्र ब्रेक नसतानाही येते, झुलवून फरक नाही. डाव्या पुढच्या चाकाची धग उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त, आणि त्या रिमवर काळी पूडही जास्त आहे. उजवा रिम त्यामानाने स्वच्छ.

पान्याचा_हिशोब:
आमचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, त्यामुळे दोन शब्द. धंद्याची जाहिरात करत नाही, पत्ता विचारू नका.

एका बाजूला धग आणि पूड म्हटलं की आधी कॅलिपरच्या स्लाइड पिना बघायच्या. कॅलिपर या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटला की आत पाणी जातं, पीन गंजते आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकी वर्ष खाडीची हवा, त्यामुळे हे नेहमीचंच. घाटाने ते केलं असं नाही, आधीपासून असणार, घाटात उघडं पडलं. दोन्ही पॅड काढून शेजारी ठेवा. आतला आणि बाहेरचा यांच्या जाडीत मोठा फरक दिसला तर पीन नाहीतर पॅडला ढकलणारा पिस्टन अडकतोय. पीन साफ करून ब्रेकसाठीचंच जास्त उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं. साधं पिवळं ग्रीस लावणाऱ्याकडून गाडी काढून घ्या. पूर्ण कॅलिपर बदलायची वेळ क्वचित येते.

डिस्क बदलायची की नाही हे डिस्कच सांगते. तिच्यावर कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटर लावायला सांगा, मेकॅनिककडे तो नसेल तर त्याचं मत ऐकून सोडून द्या. निळसर डाग म्हणजे खूप तापली होती, तेवढ्याने बाद होत नाही. कडेपर्यंत गेलेला तडा असेल तर मात्र घासाघीस न करता नवी टाका, आणि दोन्ही बाजूंची.

पॅड चार-पाच मिलिमीटर उरला असेल आणि नुसता गुळगुळीत झाला असेल तर काही जण पॉलिशपेपरवर घासून परत बसवतात. चालतं, पण आतपर्यंत जळलेला असेल तर आवाज परत येतो. मी नवेच टाकायला सांगतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक जीभ असते, पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो आवाज पुढे घर्रर्र झाला की लोखंडावर लोखंड. मग गाडी चालवत गॅरेजलासुद्धा आणायची नाही. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल तरी तेच, टो करून आणा.

आणि जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा.

कोपरी_पूल:
शंका: रात्री पावसात उभी केली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते, मग जाते. तेही धोक्याचं का?

पान्याचा_हिशोब:
नाही, डिस्कवर रात्रीत गंजाचा पातळ थर येतो, तो पुसला जातो. तसंच घाट उतरून गाडी बंद केल्यावर चाकातून टिकटिक येते, ते लोखंड थंड होताना आकसण्याचं. त्या वेळी धुवायला मात्र लावू नका. तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा बसला की ती खरोखर वाकू शकते.

चौथा_गिअर:
मेकॅनिकबद्दल: वागळे इस्टेटमध्ये एकजण आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वाशी-तुर्भे भागात कोणाला माहीत असेल तर त्यांनीही व्यनिच करावा, इथे नाव टाकलं की पुढच्याच प्रतिसादापासून भांडण.

माजिवडा_नाका:
अपडेट. आज समोर उभं राहून चाकं उघडली. सीवूड्स_सकाळ, तुमची खडी सापडली, पत्र्याच्या आत घासून चकचकीत झालेली! डाव्या चाकाची खालची पीन पकडीने फिरवून काढावी लागली, बूट फाटलेला. आतल्या पॅडला जेमतेम तीन मिलिमीटर, बाहेरच्याला सहा. दोन्हींवर आरशासारखी चकाकी. डिस्कची जाडी कोरलेल्या आकड्याच्या बरीच वर. पिना साफ, नवे बूट, दोन्ही बाजूंचे नवे पॅड, मागचे ड्रम उघडून सफाई. पहिल्या अंदाजाच्या चौथाईत काम झालं. चिर्रर्र आणि खर्रखर्र गेली. थरथर पूर्वीपेक्षा कमी, पण आहे.

चौथा_गिअर:
आता नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसू द्यायचे. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असतो. मागे कोणी नाही बघून साठवरून दहा-पंधरापर्यंत बऱ्यापैकी दाबून वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवायचं, पुन्हा. आठ-दहा वेळा झालं की ब्रेकला हात न लावता थंड होऊ द्या, आणि घरी आल्यावर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा. जुना छाप बहुतेक वेळा यात निघतो. नाहीच निघाला तर लेथवर डिस्क हलकी तासून घ्यायची, जाडी शिल्लक आहे तुमची.

पान्याचा_हिशोब:
ब्रेक ऑइलबद्दल कोणी बोललं नाही. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही हद्द १५५ पर्यंत उतरते. घाटात ते उकळलं की वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर हे काम पुन्हा घाटात जाण्याआधी उरका.

माजिवडा_नाका:
सर्व्हिस बुक बघितलं, ब्रेक ऑइलची एकही नोंद नाही. शनिवारी पुन्हा वागळेला जातोय. त्याच दिवशी लेथचंही विचारून ठेवू का, की रविवारचं करून मग?

चौथा_गिअर:
रविवारचं करून मग. तासलेलं लोखंड परत येत नाही.