एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी: आपण काय घ्यावं आणि पालिकेकडे काय मागावं?

पूर्वेकडची_मीरा
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं थोडंफार काम मी बघते. इमारती बहुतेक तीन-चार मजली, जुन्या, लिफ्ट नसलेल्या. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात, आणि घरात एकटी आई किंवा एकटे बाबा, असं प्रत्येक जिन्यात एखादं तरी घर आहे. संघाकडे देणगीचे थोडे पैसे जमलेत. कुणी म्हणतं घरोघरी कॅमेरे बसवा, कुणी म्हणतं पडल्यावर मुलांना कळवणारी घड्याळं वाटा.

शिवाय महापालिकेला निवेदन द्यायचं आहे. कल्याण-डोंबिवली स्मार्ट सिटी योजनेत होती. योजना ३१ मार्च २०२५ ला संपली, पण सगळ्या शंभर शहरांत त्यातून नियंत्रण केंद्रं उभी राहिली आहेत. पडदे, कॅमेरे, माणसं सगळं आहे. त्याचा उपयोग वयस्कर माणसांना कसा होईल?

जपान-सिंगापूरला राहणारे इथे बरेच जण आहेत. जाहिरातीतलं नको, रोजच्या वापरातलं सांगा.

सिंगापूरकर_८२
मीराताई, निवेदनात पहिली ओळ सिग्नलची घाला. इथे २००९ पासून 'ग्रीन मॅन प्लस' आहे. रस्ता ओलांडायच्या खांबावर कार्ड टेकवायची पेटी असते. ज्येष्ठांनी किंवा अपंगांनी आपलं सवलतीचं कार्ड टेकवलं की माणसाचा हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद. कार्ड तेच, जे बस-मेट्रोत वापरतात. वेगळं ॲप नाही, नोंदणी नाही. माझे सासरे दर वर्षी तीन महिने येतात. त्यांना हे कार्ड मिळत नाही, पण शेजारी एखादी चिनी आजी उभी असेल तर तिच्या कार्डावर तेही आरामात पार होतात.

दुसरं म्हणजे कांपुंग ॲडमिरल्टी ही इमारत. एकाच छताखाली शंभराहून थोडी जास्त ज्येष्ठांची घरं, खाली खाण्याचे स्टॉल, मध्ये दवाखाना, वर पाळणाघर आणि गच्चीवर बाग. डॉक्टरांकडे जायला रस्ता ओलांडावाच लागत नाही. आणि पाळणाघर मुद्दाम तिथे आहे, आजी-आजोबा आणि पोरं एकमेकांच्या नजरेत राहावीत म्हणून. डोंबिवलीत असं उद्या होणार नाही हे कळतं, पण पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी तळमजल्यावर काय मागायचं, याचा विचार आत्ताच करावा.

चौकातला_अभियंता
सिग्नलच्या मुद्द्याला जोर द्यायला हिशेब देतो. पादचाऱ्यांचा वेळ ठरवताना चाल साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंद रस्ता म्हणजे २० सेकंद. गुडघे दुखणाऱ्या पंच्याहत्तरीच्या बाई ०.८ ने चालतात असं धरा, त्यांना ३० लागतात. दिवा लाल होतो तेव्हा त्यांचा आठ मीटर रस्ता उरलेला असतो आणि समोरच्या दुचाकी सुटलेल्या असतात. म्हणून ज्येष्ठ घाबरून चौक टाळतात, मग घराबाहेर पडणंच टाळतात.

कार्डाची पेटी बसवायला खर्च आहे. पण नियंत्रण केंद्राला जोडलेल्या सिग्नलची वेळ तिथूनच बदलता येते. तुमच्या चौकात ती सोय आहे का ते आधी विचारा. असेल तर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, अमुक अमुक चौकांत दहा सेकंद वाढवा, इतकं नेमकं लिहा. चौकांची नावं आणि रस्त्याची पावलांनी मोजलेली रुंदी जोडा. मोघम निवेदनावर 'योग्य ती कार्यवाही' असा शेरा पडतो आणि कागद फायलीत जातो.

फुजीच्या_पायथ्याशी
जपानबद्दल लिहिते, जरा लांबेल. इथे दर शंभरात एकोणतीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. पोलिसांच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ७६,०२० माणसं घरात एकटी असताना गेली, त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त पासष्टीच्या वरची. काहींचा पत्ता महिन्याभराने लागला. हा आकडा वाचला की तंत्रज्ञान नेमकं कशासाठी हवं ते कळतं.

सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात आवडलेलं साधन म्हणजे किटली. झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये गरम पाण्याचं असं भांडं काढलं, की आजीने चहासाठी पाणी घेतलं की त्याची नोंद होते आणि मुलाला संदेश जातो. सकाळचा चहा झाला, म्हणजे आई उठली. आजीला काही घालायचं नाही, दाबायचं नाही, शिकायचं नाही. कॅमेऱ्यासमोर बसल्यासारखंही वाटत नाही.

पण चहा झाला नाही, तर जाणार कोण? इथे प्रत्येक वस्तीत मिन्सेइ-इइन असतात. सरकारने नेमलेले पण बिनपगारी स्वयंसेवक, देशभरात सव्वादोन लाखांच्या आसपास. या व्यवस्थेची मुळं १९१७ सालापर्यंत जातात. ते दार वाजवतात, तब्येत विचारतात, गरज पडली तर पालिकेला कळवतात. मिन्सेइ-इइनना आपल्याकडचा पर्याय मला तुमचा ज्येष्ठ नागरिक संघच वाटतो. पैसे आधी त्या माणसांच्या यादीवर आणि फोनवर खर्च करा, यंत्रं नंतर.

पालिकेसाठी तोयामा शहराचं उदाहरण द्या. वस्ती चार लाखांच्या आसपास. त्यांनी २००६ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर सुटसुटीत ट्राम आणली आणि पासष्टीपुढच्यांना पास देऊन दिवसा १०० येनमध्ये शहराच्या मध्यभागी येण्याची सोय केली. घरात बसून राहणारी माणसं बाजारात, वाचनालयात यायला लागली, भेटायला लागली. एकटेपणावर मला याहून चांगला उपाय दिसलेला नाही.

नलूताई_गोग्रासवाडी
मीरा, मी ७८ वर्षांची आहे, एकटी राहते आणि हा धागा माझ्यासारख्यांबद्दल आहे म्हणून लिहिते. माझ्या घरात कॅमेरा नको. मुलाने बसवला होता, मी काढायला लावला. साडी बदलताना, देवापुढे रडताना, दुपारी तोंड उघडं टाकून झोपले असताना मला कुणी बघायला नको, पोटच्या मुलानेही नको. त्याची काळजी खरी आहे, ती मला कळते. म्हणूनच रोज रात्री मी स्वतः त्याला फोन करते.

आमच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप गट आहे. सकाळी नऊपर्यंत ज्या बाईचा 'सुप्रभात' आला नाही, तिला जवळची बाई फोन करते, नाही उचलला तर जिना चढते. मुलं त्या फुलांच्या चित्रांना हसतात, पण आमची हजेरी तीच आहे. जपानच्या किटलीचं वाचलं आणि पटलं.

पालिकेला एक सांगा. स्टेशनपासून घरापर्यंत बसायला दोन बाकडी आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह द्या. मी औषध घेते, मला दर तासाला जावं लागतं. त्यासाठी मी कार्यक्रमांना जाणं सोडलं आहे.

रुग्णसेविका_नाशिक
नलूताईंना नमस्कार. मी घरी जाऊन रुग्णसेवा करते, त्या अनुभवातून घड्याळांबद्दल सांगते. माणसं पडतात ती मुख्यतः न्हाणीघरात आणि रात्री लघवीला उठताना. नेमक्या त्याच वेळी घड्याळ उशाशी चार्जिंगला लावलेलं असतं. त्यापेक्षा न्हाणीघरात ओढायची दोरी लावा, बेल शेजारच्या घरात वाजवा. दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली आलेली हवी. बहुतेक ठिकाणी ती उभ्या माणसाच्या हाताशी बांधतात, पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. मोलकरीण फरशी पुसताना दोरी वर गुंडाळून ठेवते, तेही बघा.

दुसरं, बेल वाजली आणि दाराला आतून कडी असेल तर? मी एकदा वीस मिनिटं दाराबाहेर उभी होते आणि आतून आजोबांचा आवाज येत होता. सुताराने दार तोडलं. आतली कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा, एक किल्ली शेजारी, एक संघाकडे. सेफ्टी डोअरलाही तेच.

वायफायवर चालणारं काही घेऊ नका. वीज गेली की राउटर बंद. सिमकार्ड आणि बॅटरी असलेलंच घ्या.

पूर्वेकडची_मीरा
किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी. फुजीताई, एक शंका. स्मृतिभ्रंश झालेले आमचे एक काका दोनदा हरवले. त्यांच्यासाठी तरी कॅमेऱ्यांचा उपयोग होईल का?

फुजीच्या_पायथ्याशी
होईल, पण रस्त्यावरच्या. ह्योगो प्रांतातल्या काकोगावा शहराने सुमारे दीड हजार कॅमेरे लावले. खिशात ठेवायचा छोटा टॅग असतो. काका एखाद्या कॅमेऱ्याजवळून गेले की ठिकाण घरच्यांना कळतं. टॅग ओळखणारी यंत्रं टपालाच्या दुचाकींवरही बसवली, म्हणजे गल्लीबोळही सुटत नाहीत. महत्त्वाचं हे की कॅमेऱ्यातली चित्रं कोण बघणार, किती दिवस ठेवणार याचे नियम शहराने केले आणि लोकांसमोर मांडले. तुमच्या निवेदनातही ती अट घाला. तोवर काकांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून घ्या.

कल्याणचा_वाचक
१४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. निवृत्तिवेतन, कायदा, छळ, बेवारस ज्येष्ठ, सगळ्याला. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. मोठ्या अक्षरांत छापून फोनशेजारी चिकटवा.

पूर्वेकडची_मीरा
काल बैठक झाली. घड्याळं रद्द. आधी जिन्यागणिक दोन माणसं ठरवणार, जी बेल वाजल्यावर जातील, आणि ती ठरली त्याच जिन्यात दोरी-बेल बसवणार. नलूताई बाकड्यांच्या जागा दाखवायला आमच्याबरोबर येणार आहेत. अभियंता, रविवारी सकाळी आम्ही चार चौक मोजतोय, सिग्नलची सेकंदंही घड्याळ लावून घेऊ. आकडे इथेच टाकते, तुम्ही तपासून द्याल?

चौकातला_अभियंता
टाका. दर चौकात निदान पाच फेऱ्यांची वेळ घ्या, आणि मोजताना नलूताईंना त्यांच्या चालीने रस्ता ओलांडू द्या. कुणीतरी हात धरून बरोबर असा.