जुनी झेन ट्रॅकसाठी: आधी काय करू?

१९९९ची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन, चार वर्षं उभी. कोइंबतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर न्यायचीय. इंजिनाचं काम आधी काढू का?

गॅरेजकट्टा: इंजिन नंतर हो! आधी कार्पेट उचला, स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर अन् जॅक पॉइंट (जॅक लावायच्या जागा) गंजलेत का ते टोचून बघा. टोक आत गेलं तर पत्रा कापून वेल्डिंग. लांबी (पुट्टी) भरून भागत नाही.
मग ब्रेक. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून बसलेलं असतं. चार लॅपमध्ये उकळतं, बुडबुडे होतात, पेडल थेट तळाला. डॉट ४ ग्रेडचं ऑइल भरा, ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) लांबच्या चाकापासून. कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिस्टन हाताने दाबून आत जात नसेल तर सील किट टाका.

तिसरागियर: टायरवर नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा: ३४१७ म्हणजे २०१७चा चौतिसावा आठवडा. असला टायर भंगारात. टाकीतलं शिळं पेट्रोलही काढा, नाहीतर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) तुंबतील. टायमिंग बेल्ट बदलाच.

साधामेकॅनिक: मागची सीट, स्टेपनी काढा, फुकटात वजन घटतं. पण रोल केज (आतला लोखंडी पाइपांचा सांगाडा) नसताना सहापट्टी हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) नको. गाडी उलटली तर माणूस ताठच अडकतो, छत मानेवर येतं. कंपनीचा पट्टाच राहू दे.