फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमातल्या रुग्णनोंदी पुढील तुकडीला कशा द्याव्यात?

प्रश्न (विद्यार्थी, बेळगाव): आमच्या प्रकल्पात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी प्रत्येक जण आपापल्या एक्सेलमध्ये ठेवतो आणि तुकडी बाहेर पडली की त्या पेन ड्राइव्हसह नाहीशा होतात. शिवाय रुग्ण कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये बोलत असल्याने ‘चक्कर’, ‘तले सुत्तु’ आणि ‘गिडिनेस’ हे एकाच अर्थाचे शब्द तीन वेगळे दुष्परिणाम म्हणून मोजले गेले. यावर उपाय काय?

उत्तर (शिक्षक, निपाणी): आधी सर्वांसाठी एकच शब्दसूची ठरवा. लक्षणांसाठी मेडड्रा ही प्रमाण संज्ञावली आहे. औषधाच्या व्यापारी नावासोबत मूळ नाव आणि जागतिक आरोग्य संघटनेचा एटीसी संकेतांक (औषधांच्या वर्गीकरणाचा) लिहावा, जसे पॅरासिटामॉलसाठी एन०२बीई०१. मात्र रुग्णाचे मूळ शब्द पुसू नका, ते वेगळ्या रकान्यात ठेवा. संकेतांक चुकला, तर पडताळणीला तेच उपयोगी पडतात. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक सांगणारी फाईल सोबत नसेल, तर पुढच्या वर्षी तुमचा तक्ता तुम्हालाच कळणार नाही.

उत्तर (औषधविक्रेता, खानापूर): नाव खोडले म्हणजे ओळख लपली, असे समजू नये. आमच्या तालुक्यातल्या लहान गावाचे नाव, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस लगेच ओळखू येतो. गावाऐवजी जिल्हा, नेमक्या वयाऐवजी वयोगट लिहा आणि नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत पुढील वापराचा उल्लेख आधीच करून घ्या.

विद्यार्थी, बेळगाव: आमच्या संमतिपत्रात पुढील वापराचा उल्लेखच नाही. म्हणजे जुन्या नोंदी देण्यापूर्वी समितीकडे जावे लागेल.